‘दम लागला’ म्हणजे नेमके काय? कुलाब्याचा किनारा, चिमाजी अप्पा आणि एका लक्षणाची अनेक कारणे (थ्रेड)

१/ वैशाख, शके १६६२. इसवी सन १७४०. आंग्रे बंधूंच्या भांडणात मानाजींची बाजू सावरण्यासाठी चिमाजी अप्पा आणि त्यांचे पुतणे नानासाहेब कुलाब्याच्या मुलखात, म्हणजे आजच्या अलिबागच्या किनाऱ्यावर होते. तेथेच बातमी पोहोचली: २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव गेले. त्यानंतर आठ महिने पुरते उलटण्याआधी, १७ डिसेंबर १७४० रोजी, पुण्यात चिमाजी अप्पांचाही अंत झाला. वयाची पस्तिशीही त्यांनी गाठली नव्हती.

२/ बाजीरावांच्या मृत्यूचे कारण ताप, हे बहुतेकांना ठाऊक असते. चिमाजी अप्पा कशाने गेले, असे विचारले की दोन उत्तरे येतात आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. एक गट म्हणतो दमा. दुसरा म्हणतो क्षय. दोघांनाही एवढे मान्य असते की अप्पांची छाती अनेक वर्षे दुबळी होती, खोकला आणि श्वास त्यांना छळत असे, आणि हे सारे अंगावर वागवीत त्यांनी मोहिमा केल्या.

३/ मतभेद पुढच्या पायरीवर आहे. श्वास अपुरा पडणे हे लक्षण आहे. दमा आणि क्षय हे रोग आहेत. लक्षणावरून रोगावर उडी मारताना मधले किती दरवाजे वगळले गेले, हा या थ्रेडचा विषय. त्यासाठी थोडे वैद्यक, थोडी भाषा आणि बराचसा रायगडचा किनारा लागेल.

४/ आधी भाषा. मराठीत श्वासाच्या त्रासाला शब्दांची ददात नाही. धाप लागते, दम लागतो, दम भरतो, श्वास कोंडतो, छातीचा भाता होतो. यातील ‘दम’ फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ साधा ‘श्वास’. ‘दमा’ हे त्याचेच भावंड. युरोपीय भाषांत या रोगाला जो शब्द आहे, तो ग्रीक असून त्याचाही मूळ अर्थ धापा टाकणे एवढाच. म्हणजे पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, ‘दमा’ हे आरंभी लक्षणाचेच नाव होते. विशिष्ट रोगाचे नाव म्हणून ते फार नंतर आकसले. अठराव्या शतकातील कागदात ‘दमा’ दिसला की आजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतील दमा समजणे हा कालविपर्यास आहे.

५/ दुसरी अडचण पत्रलेखनाच्या रीतीची. मोडी पत्रांत थोरांच्या प्रकृतीविषयी लिहिताना ‘शरीरी समाधान नाही’ या धर्तीची मोघम वाक्ये येतात. हे अज्ञान नव्हे. कारभाऱ्याच्या आजाराची तपशीलवार बातमी फुटणे म्हणजे शत्रूला निमंत्रण, आणि पत्र वाटेत कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसे. राजकारणातील माणसाचा आजार झाकूनच लिहिला जाई. तेव्हा कागदांत ‘थोडे बरे नाही’ असे दिसले तर प्रत्यक्षात ते ‘थोडे’ असेलच असे नाही.

६/ मग त्या काळच्या वैद्याला काय कळत असे? ‘जुने लोक सगळ्यालाच दमा म्हणत’ हा समज अनेकांचा आहे आणि तो चुकीचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास या दोहोंवर मिळून स्वतंत्र अध्याय आहे. प्राण घेणारे रोग पुष्कळ असले तरी या दोघांइतक्या त्वरेने प्राण घेणारे दुसरे नाहीत, अशा अर्थाचे विधान तेथे येते. पुढे माधवनिदानानेही तीच परंपरा चालवली. श्वासाचे प्रकार पाच: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास.

७/ ही वर्गवारी श्वासाच्या रूपावर बेतलेली आहे आणि तिचे निरीक्षण थक्क करणारे आहे. क्षुद्रश्वास म्हणजे श्रमाने किंवा अतिभोजनाने लागलेली आणि विश्रांतीने आपोआप जाणारी धाप. तिला रोग म्हणून फारसे महत्त्व नाही. छिन्नश्वास म्हणजे तुटक, मध्येच थांबणारा श्वास. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स यांनी हृदयाच्या व मेंदूच्या अखेरच्या आजारांत थांबत थांबत चालणारा जो श्वास वर्णिला, त्याच्याशी छिन्नश्वासाची तुलना अनेकदा केली जाते. महाश्वास म्हणजे खोल, मोठ्या आवाजाचा, दूरवरून ऐकू येणारा श्वास. १८७४ मध्ये जर्मनीच्या अडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहाच्या शेवटच्या अवस्थेत असाच खोल श्वास नोंदवला. तेथे फुप्फुसे ठीक असतात. बिघाड रक्तात असतो. रक्त आम्लयुक्त झाल्यामुळे शरीर श्वासावाटे ते आम्ल बाहेर फेकू पाहते.

८/ आणि ऊर्ध्वश्वास? तो तर मराठी माणसाच्या तोंडी आजही आहे. मरणासन्न माणसाला ‘ऊर्ध्व लागला’ असे म्हणतो तो प्रत्येक जण नकळत वैद्यकाची परिभाषा वापरतो.

९/ राहिला तमकश्वास. आजच्या दम्याशी सर्वांत जवळचा मानला जातो तो हाच. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो. घशात घुरघुर होते. कफ सुटला की घटकाभर बरे वाटते. आडवे झाले की जीव घाबरा होतो आणि उठून बसले की सुटका होते. कोकणात आषाढात एखाद्या दमेकऱ्याची रात्र ज्याने पाहिली असेल, त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

१०/ येथेच खरी मेख आहे. ‘आडवे झाल्यावर वाढतो, बसल्यावर कमी होतो’ हे दम्याचे जितके लक्षण आहे तितकेच अशक्त झालेल्या हृदयाचेही आहे. डावे हृदय रक्त पुढे ढकलण्यात कमी पडू लागले की ते मागे फुप्फुसांत साचते. आडवे झाल्यावर पायांकडील रक्तही छातीकडे परतते, साचणे वाढते आणि रोगी मध्यरात्री गुदमरून उठून बसतो. छातीतून शिट्टीसारखा आवाजही येऊ शकतो. म्हणूनच या अवस्थेला नंतरच्या डॉक्टरांनी ‘हृदयाचा दमा’ असेच नाव ठेवले होते. खाटेच्या उशाशी बसून नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी या दोन अवस्था वेगळ्या करणे चरकाच्या शिष्याला कठीण होते, तसेच लंडनच्या डॉक्टरालाही.

११/ लंडनचा उल्लेख मुद्दाम केला. पेशवाईतील वैद्यकाची कीव करणाऱ्यांनी तेव्हाचे युरोपही पाहावे. इंग्लंडच्या सर जॉन फ्लॉयर यांनी १६९८ मध्ये दम्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. ते स्वतः दमेकरी होते, त्यामुळे झटक्याचे वर्णन जिवंत आहे. पण छातीच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचे किंवा ऐकण्याचे साधन त्यांच्याजवळही नव्हते. चिमाजी अप्पा गेले त्या १७४० साली जगात कोठेही ते नव्हते.

१२/ ते साधन आले १७६१ मध्ये. पानिपतचे हेच वर्ष. व्हिएन्नातील डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर हे ग्राझच्या एका खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात दारू कुठवर आहे हे बाहेरून टिचक्या मारून ओळखण्याची युक्ती त्यांनी लहानपणी पाहिलेली. तीच त्यांनी रोग्याच्या छातीवर वापरली. हवा असेल तेथे पोकळ आवाज, पाणी किंवा घट्ट झालेले फुप्फुस असेल तेथे बद्द. त्यांचे छोटे लॅटिन पुस्तक त्या वर्षी निघाले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे फारसे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे वैद्य कॉर्व्हिसार यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा त्याला किंमत आली.

१३/ त्याच १७६१ साली पुण्यात सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. अकरा वर्षांनी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, ते छातीच्याच नव्हे तर साऱ्या देहाच्या झिजेने गेले. वय सत्तावीस. त्यांच्यावर गंगाविष्णू वैद्यांचे उपचार चालू होते. आजाराचे नाव सर्वत्र एकच सांगितले जाते: राजयक्ष्मा.

१४/ राजयक्ष्मा हे नाव ‘दमा’ या शब्दासारखे सैल नाही. चरकाने त्याची लक्षणे अकरा सांगितली आहेत आणि त्यांत खोकला, ताप, रक्त पडणे, आवाज बसणे, बरगड्यांतील दुखणे, अन्नावरची वासना जाणे, अतिसार यांच्याबरोबर श्वासही आहे. लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की श्वास येथे अकरांपैकी एक. वैद्य फक्त धाप पाहत नसे. तो धापेच्या सोबतीला काय आहे ते पाहत असे. माधवरावांच्या बाबतीत महिनोन्महिने चाललेला ताप, झपाट्याने झडलेला देह आणि पोटाचा विकार हे सारे एकत्र येते. १७७० मध्ये कर्नाटकाची मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्यावर सोपवून त्यांना परतावे लागले, तेव्हापासून उतार जवळजवळ अखंड होता. आतड्यांपर्यंत पोहोचलेला क्षय, हे निदान आजच्या कसोटीवरही बऱ्यापैकी टिकते.

१५/ चिमाजी अप्पांचे चित्र इतके सलग नाही. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ, म्हणजे आज मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच जेथे लागते त्या परिसरात, त्यांनी जंजिरेकरांचा पराक्रमी सरदार सिद्दी सात याला गाठले. सिद्दी सात तेथे पडला. एप्रिलचा उकाडा, खाडीलगतची दमट हवा, आणि लढाई जवळून. ज्याची फुप्फुसे कायमची निकामी झाली आहेत अशा माणसाचे हे काम दिसत नाही. तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, त्यांनी वसई घेतली. तो वेढा महिनोन्महिने चालला होता. आणि त्यानंतर दीड वर्षात ते गेले.

१६/ म्हणजे मधूनमधून उचल खाणारा आणि मधूनमधून निवळणारा, शेवटी मात्र वेगाने खालावणारा असा हा विकार दिसतो. अशा वाटेने जाणारे रोग कोणते? दम्याचे झटके येतात आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस धडधाकट असू शकतो, इथवर जुळते. पण पस्तिशीच्या आत माणूस खंगत जाऊन मरावा, हे साध्या दम्याचे नेहमीचे वळण नव्हे. क्षयही वर्षानुवर्षे दबून राहतो, श्रमाने आणि उपासमारीने उफाळतो आणि तरुणांना नेतो, हेही जुळते.

१७/ तिसरी शक्यता फारशी कोणी बोलून दाखवत नाही. लहानपणी घसा आणि सांधे धरून येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. वर्षे उलटतात, झडप हळूहळू आखडते आणि विशी-तिशीत धाप, रात्रीचा खोकला, कफात रक्त, देहाची झीज सुरू होते. खोकला, रक्त, झीज, तरुण वय. स्टेथोस्कोप येण्यापूर्वी याला क्षयापासून वेगळे कोण करणार? भारतात हा रोग विसाव्या शतकातही तरुणांच्या हृदयविकाराचे मोठे कारण होता.

१८/ स्टेथोस्कोप १८१६ चा. पॅरिसचे रेने लायनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून प्रथम ऐकले आणि मग लाकडी नळी केली. छातीच्या आवाजांवरून क्षय, न्यूमोनिया, हृदयविकार यांची फारकत करायला जगाला शिकवणारे हे डॉक्टर १८२६ मध्ये स्वतः क्षयाने गेले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. क्ष-किरण १८९५ अखेरचे. या तीन पायऱ्यांपूर्वीचे ‘क्षय’ हे प्रत्येक निदान, ते पुण्यातील असो वा पॅरिसमधील, तर्क म्हणूनच वाचावे लागते.

१९/ आता किनारा. पेशव्यांचे भट घराणे मूळ श्रीवर्धनचे. बाळाजी विश्वनाथांच्या घराकडे तेथील देशमुखी होती आणि तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली. श्रीवर्धन म्हटले की रोठा सुपारी आठवते: नारळी-पोफळीच्या दाट सावलीतल्या, पाटाच्या पाण्याने सदैव ओल्या असलेल्या वाड्या. डोळ्याला हे सुंदर दिसते. पण ओली सावलीतली माती आणि अनवाणी पाय ही जोडी एका आतड्यातील कृमीला फार मानवते. आकडेकृमी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. तो कातडीतून शिरतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्थर लूस यांनी इजिप्तमध्ये दाखवून दिले. वर्षानुवर्षे रक्त गेले की पंडुरोग होतो आणि पंडुरोग्याला चार पावले चढताना धाप लागते. छाती निर्दोष, हृदयही आरंभी निर्दोष. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच अपुरे.

२०/ हिवतापाचे तेच. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी थंडी वाजून येणारा ताप वर्षानुवर्षे यायचा, पोटात डावीकडे पानथरी वाढायची आणि माणूस पिवळा-फिकट पडायचा. प्रत्येक तापाबरोबर तांबड्या पेशी फुटतात. अशा माणसाला श्वास लागतो म्हणून छातीचे औषध द्यावे तर उपयोग शून्य. आयुर्वेदाने पंडुरोगाच्या लक्षणांत श्वास धरला आहे, याची येथे नोंद घ्यावी. रक्त आणि श्वास यांचा संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, कारणाची साखळी मात्र त्यांच्या हाती नव्हती.

२१/ किनाऱ्याचा आणखी एक रोग तर शुद्ध चकवा आहे. १९४० च्या सुमारास आंध्रातील मदनपल्लीच्या क्षय आरोग्यधामात काही रोगी असे आढळले, की खोकला आहे, रात्री दम्यासारखी धाप आहे, क्ष-किरण चित्रात क्षयासारखे डाग आहेत, पण थुंकीत जंतू नाही. रक्तात मात्र एका विशिष्ट पांढऱ्या पेशीचे प्रमाण अफाट. १९४३ मध्ये डॉ. वाइनगार्टन यांनी भारतातील अशा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सोमलाच्या औषधाने ते बरे होतात असे सांगितले. मागाहून कळले, की हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींवर फुप्फुसांनी दिलेली ही तीव्र प्रतिक्रिया आहे. चित्र क्षयाचे, आवाज दम्याचा, मूळ डासात. हत्तीरोग भारताच्या किनारपट्टीला नवा नव्हता. १७४० मध्ये असा रोगी वैद्यापुढे आला असता तर त्याला तमकश्वास किंवा राजयक्ष्मा यांपैकी एक नाव मिळाले असते, आणि वैद्याला दोष देता आला नसता.

२२/ तेव्हा चिमाजी अप्पांना काय झाले होते? पारडे क्षयाकडे थोडे झुकते: वय, खंगणे, श्रमांनंतरची घसरण. नुसता दमा ही सर्वांत कमकुवत शक्यता वाटते. झडपेचा विकार मात्र खोडून काढता येत नाही. यापलीकडे जाणारे विधान जो करील त्याने नवा कागद दाखवावा.

२३/ येथे एक लोकप्रिय युक्तिवाद बाजूला करायला हवा: ‘पेशवे घराण्यातच क्षय होता, अप्पांकडून तो माधवरावांकडे आला.’ माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ चा. अप्पांना जाऊन तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. क्षय रक्तातून वारशाने येत नाही, तो हवेतून, जवळच्या सहवासातून पसरतो. वाड्यातील आणखी कोणाकडून, एखाद्या शागिर्दाकडून, छावणीत कोणाकडून तो आला असेल; गर्दीच्या शहरात त्याला वाटा पुष्कळ असतात. पण चुलत आजोबा ते नातू अशी सरळ रेघ वंशावळीत ओढता येते म्हणून ती रोगातही ओढता येत नाही. ‘घराण्याचा शाप’ कादंबरीत शोभतो.

२४/ पेशव्यांच्या धापेवर निदान वाद तरी होतो. रेवसच्या त्याच खाडीत मासे पकडणाऱ्या कोळ्याच्या, पेण-उरणच्या मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याच्या, श्रीवर्धनच्या वाडीत शिंपणे करणाऱ्या गड्याच्या धापेचे काय? त्यांच्याविषयीचा सलग कागद इंग्रजी अमलात सुरू होतो आणि तो कागद म्हणजे मृत्यूचे रकाने. गावपातळीवर नोंद करणारा पाटील डॉक्टर नव्हता. देवी, पटकी, हगवण, श्वसनाचे रोग, ताप असे मोजके मथळे त्याच्यापुढे असत, आणि शंका आली की ‘ताप’ हा सर्वांत सोयीचा. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, सारे त्या एका रकान्यात निजलेले आहेत.

२५/ याचा सर्वांत मोठा फटका १९१८ च्या इतिहासाला बसला. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत इन्फ्लुएंझा आला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट भयंकर होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत मृत्यूंनी कळस गाठला. कोकणचा किनारा तेव्हा बोटींनी मुंबईला बांधलेला होता. गिरणीत आणि गोदीत काम करणारा माणूस आजारी पडला किंवा घाबरला की गावची वाट धरी. या साथीत तरणीताठी माणसे दोन-चार दिवसांत ओठ-कान निळेजांभळे होऊन जात, कारण फुप्फुसांत हवेऐवजी पाणी आणि रक्त भरे. श्वासाचा याहून उघड रोग नाही. तरी देशभर त्या मृत्यूंचा मोठा वाटा ‘ताप’ या रकान्यातच पडला. म्हणूनच भारतात किती माणसे गेली याचे अंदाज एक कोटीपासून पावणेदोन कोटींच्या आसपास इतके हेलकावे खातात: इतिहासकारांना नेहमीच्या वर्षांच्या तापाचे आकडे वजा करून उरलेल्यांची मोजणी करावी लागते.

२६/ आणि चूल. हा भाग थोडा विषयांतराचा वाटेल, पण स्त्रियांच्या धापेचा इतिहास याच्याशिवाय लिहिता येत नाही. विडी-तंबाखू न शिवलेली, उभा जन्म चुलीपुढे गेलेली म्हातारी खोकते, धापते, पाय सुजतात आणि घरचे म्हणतात ‘आईला दमा आहे’. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट रोगामुळे उजवे हृदय थकल्याचे रोगी त्यांनी तपासले होते. पाश्चात्य देशांत हे प्रामुख्याने सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दुखणे. दिल्लीत मात्र स्त्रियांचे प्रमाण डोळ्यांत भरणारे होते. त्यांनी बोट ठेवले ते बंद स्वयंपाकघरातील धुरावर. आधी फुप्फुसे जातात, मग हृदय; तोवर घरातले ‘दमा’ हे नाव पक्के झालेले असते. भट घराण्याच्या वंशावळीतही पुरुषांच्या आजारांची चर्चा होते. त्याच वाड्याच्या मुदपाकखान्यात धूर गिळणाऱ्या बायकांच्या छातीविषयी कागद मुके आहेत.

२७/ पुन्हा अप्पांकडे. एखाद्याला वाटेल की विज्ञान हा प्रश्न सोडवील. इजिप्तच्या ममींमधून क्षयाच्या जंतूची जनुकीय खूण मिळाली आहे, मग पेशव्यांची का मिळू नये? कारण साधे आहे. दहन. अस्थी पाण्यात गेल्या. क्षयाच्या काही रोग्यांच्या मणक्यांवर खुणा राहतात, त्या पाहण्याचीही सोय उरली नाही.

२८/ उरतो तो कागद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक पत्रांचे पंचेचाळीस खंड छापून काढले; तरीही ढिगापुढे ही मूठभरच निवड, आणि ती करताना लक्ष स्वाभाविकपणे राजकारणावर होते. वैद्याला दिलेली बिदागी, औषधासाठी मागवलेली सामग्री, पथ्याचा खर्च असल्या फुटकळ नोंदी कोणी श्वासाच्या शोधात वाचत नाही. मोडी शिकणाऱ्यांपैकी कोणाला अप्पांच्या अखेरच्या वर्षातील असा कागद सापडलाच, तर ‘श्वास’ या शब्दावर थांबू नये. त्याच्या मागेपुढे ताप आहे का, तो संध्याकाळी चढतो का. धाप आडवे झाल्यावर की जिना चढल्यावर. पाय सुजले आहेत का. कफ पांढरा की तांबडा. आणि पावसाळा सरल्यावर उतार पडला की नाही, हे टिपून घ्यावे.